वेट एएमडीसाठी डोळ्यातली इंजेक्शनं: दहा महिने, सात डोस

एएमडी म्हणजे वयोमानाने डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग, मॅक्युला, बिघडण्याचा आजार; वेट हा त्याचा एक प्रकार. त्यासाठी रॅनिबिझुमॅब या औषधाची सात इंजेक्शनं, एकाच डोळ्यात, दहा महिन्यांत. त्यावर आधारित हे मत आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो: लोक सुईला घाबरतात आणि तारखेला हलकं घेतात. नजर जाते ती तारीख चुकल्यामुळे.

वेट प्रकारात पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलाच्या खाली, नको तिथे रक्तवाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, पाझरतात, आणि पडद्याखाली पाणी साचतं. व्हीईजीएफ नावाचं प्रथिन त्यांना वाढायला लावतं, आणि हे औषध ते प्रथिन अडवतं. औषध ओसरलं की प्रथिन पुन्हा कामाला लागतं, म्हणून हा आजार तीन सुयांत संपत नाही. ड्राय प्रकारात अशा पाझरणाऱ्या वाहिन्या नसतात, त्यावर या इंजेक्शनांचा काही उपयोग नाही. आपल्या फाइलवर नेमकं काय लिहिलंय, ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

अपेक्षाही नीट ठेवा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या रॅनिबिझुमॅबच्या मोठ्या चाचणीत दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के लोकांची नजर वर्षभर बऱ्यापैकी टिकली, आणि साधारण एक तृतीयांश जणांना तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता येऊ लागल्या. म्हणजे मुख्य फायदा आहे ते टिकवण्याचा. जिथे व्रण झालाय तिथली नजर परत येत नाही, म्हणून सुरुवात लवकर व्हायला हवी.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. उपाशी राहायची गरज सहसा नसते. बीपी आणि शुगरच्या गोळ्या नेहमीसारख्या घ्यायच्या, रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही. अलीकडे हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर ते न विचारताही सांगायचं. आधी बाहुली मोठी करणारे थेंब, मग बधिर करणारे. त्यानंतर ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन. चुरचुरतं ते हेच, सुई नव्हे. पण जंतूंपासून खरा बचाव याच थेंबांनी होतो, त्यामुळे ‘जरा कमी टाका’ असं कधीही म्हणू नका. शेवटी सलाइनने डोळा भरपूर धुवून द्या, एवढं मात्र हक्काने मागा. आयोडीन पृष्ठभागावर राहिलं तर त्या संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत राहतं. पुढच्या खेपेला नीट धुतलं की हा फरक लगेच कळतो.

पापण्या उघड्या ठेवायला तारेचा चिमटा लावतात. बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिलिमीटर मोजून, पांढऱ्या भागातून ३० गेजची बारीक सुई आत जाते. औषध फक्त ०.०५ मिलि, एका थेंबाएवढं. दुखण्यापेक्षा दाब जाणवतो, आणि सुई आत असते ती काही सेकंदच. तेवढ्यात बोलायचं नाही, रुग्णानेही नाही आणि डॉक्टरांनीही नाही. तोंडातले जंतू डोळ्यासाठी फार घातक असतात. मास्क असेल तर वरची कड नाकावर टेपने चिकटवून घ्या, नाहीतर श्वास थेट डोळ्याकडे जातो.

सुई निघाल्यावर मिनिटभर अंधारल्यासारखं झालं तर तो आतला दाब वाढल्याने. डॉक्टर बोटं दाखवून किती ते विचारतात, त्याचं कारण हेच. नजरेत खाली काळे गोल तरंगताना दिसले तर बहुतेक हवेचे बुडबुडे असतात, एक-दोन दिवसांत विरतात. पांढऱ्या भागावर लालभडक डाग पडला तर बघणारे घाबरतात, पण तो वरवरचा रक्तस्राव. एक-दोन आठवड्यांत जातो.

खरी भीती एन्डॉफ्थॅल्मायटिसची, म्हणजे डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याची. तो साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एखादा होतो, पण झाला तर तासांचा खेळ असतो. ओळखायचा कसा? आयोडीनचं खुपणं पहिल्याच संध्याकाळी असतं आणि सकाळपर्यंत कमी होतं. संसर्गाचं दुखणं बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात येतं आणि वाढत जातं. सोबत लाली, उजेड सहन न होणं, नजर धूसर होणं. यात रविवार असो की दिवाळी, थांबायचं नाही. इंजेक्शन घेताना रात्री-अपरात्री चालणारा फोन नंबर मागून ठेवा. घरी डोळा चोळायचा नाही, आणि डोक्यावरून आंघोळ, पोहणं डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद.

औषधांबद्दल. रॅनिबिझुमॅबचं भारतात बनलेलं स्वस्त बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध, २०१५पासून मिळतं. अफ्लिबरसेप्ट हे याच कामाचं दुसरं औषध महाग, पण काहींच्या बाबतीत जास्त टिकतं. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कॅन्सरचं औषध, सर्वांत स्वस्त, आणि दृष्टीच्या बाबतीत ते रॅनिबिझुमॅबच्या तोडीचं असल्याचं २०११च्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत दिसलं. त्याची अडचण औषधात नाही, वाटपात आहे: ४ मिलिच्या एका बाटलीतून अनेक रुग्णांच्या सिरिंज भरतात, आणि तिथे स्वच्छता चुकली तर एकाच दिवशी अनेकांना संसर्ग होतो. म्हणून सिरिंज कुठे आणि केव्हा भरली, ते विचारायला संकोच नको. औषध स्वतः दुकानातून आणत असाल तर २ ते ८ अंशांत ठेवा, आणि बर्फाच्या पिशवीला बाटली थेट टेकवू नका. गोठलेलं औषध वाया जातं. खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर फाइलला लावून ठेवा.

विम्याचं: इंट्राव्हिट्रियल, म्हणजे डोळ्याच्या आतलं, इंजेक्शन आयआरडीएआय या विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे, त्यामुळे ‘चोवीस तास भरती नव्हती’ एवढ्यावरच क्लेम नाकारला तर ती यादी दाखवा. पॉलिसीत यासाठी वेगळी मर्यादा असू शकते, ती आधीच वाचून घ्या.

वेळापत्रक असं चाललं: पहिली तीन दर चार आठवड्यांनी, मग सहा, आठ, दहा. दहा आठवड्यांच्या ओसीटीत, म्हणजे पडद्याच्या स्कॅनमध्ये, पाण्याचा काळा कप्पा परत दिसला, म्हणून अंतर पुन्हा आठवर आणलं. ही माघार म्हणजे औषध हरलं असं नव्हे. या डोळ्याला औषध किती पुरतं, ते त्यातून कळलं. पडद्याच्या जाडीचा मायक्रॉनमधला आकडा मात्र वेगवेगळ्या मशीनवर वेगळा येतो, म्हणून शक्यतो एकाच ठिकाणी ओसीटी करा आणि प्रत्येक प्रिंट जपा.

मधल्या दिवसांत घरी अॅम्स्लर ग्रिड, म्हणजे मध्ये ठिपका असलेली चौकटींची जाळी, बघायची. वाचायचा चष्मा लावून, हातभरापेक्षा थोडं जवळ, साधारण ३० सेंटिमीटरवर धरायची, एक डोळा झाकायचा आणि नजर मधल्या ठिपक्यावरच ठेवायची. दोन्ही डोळे उघडे ठेवून बघणं ही सर्रास होणारी चूक: चांगला डोळा बिघाड झाकून टाकतो. ग्रिड हाताशी नसेल तर कालनिर्णयच्या चौकटी, दाराची उभी कड चालते. रेघ कालच्यापेक्षा वाकली किंवा मधला तुकडा गायब झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.