मनगटातल्या पिना: रोज पुसायच्या की आठवड्याने?

श्रावणात खळ्यातल्या शेवाळावरून आई घसरली आणि मनगट मोडलं. फिक्सेटर बसला, म्हणजे मोडलेलं हाड बाहेरून जागेवर धरणारी चौकट: दोन पिना तर्जनीच्या मुळाशी तळव्याच्या हाडात, दोन मनगटाच्या वर रेडियसमध्ये, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाताच्या हाडात, बाहेरून दांडा. फिक्सेटरचा मुक्काम सहा आठवडे. घरी पोचेपर्यंत वाडीत दोन पक्ष. एक म्हणे रोज बीटाडीनने पुसा, दुसरा म्हणे हातच लावू नका.

दुसरा पक्ष वाटतो तेवढा अडाणी नाही. २००६ साली अमेरिकेत मनगटाच्या फिक्सेटरवरच चाचणी झाली. काहींना आठवड्याला नुसतं कोरडं ड्रेसिंग, काहींना रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने सफाई, काहींना क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चकत्या. संसर्गात म्हणावा असा फरक पडला नाही. पेरॉक्साइड तर मी बादच केलं. फेस बघून समाधान वाटतं, पण त्याने भरत आलेली कातडीही दुखावते. बीटाडीन वाईट नाही, फक्त त्याच्या तपकिरी डागाखाली लाली आली तरी दिसत नाही. क्लोरहेक्सिडिन डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर तेच वापरा. नाहीतर सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, पुरे. विहिरीचं पाणी, कितीही गोड असलं तरी, नको.

पण आठवड्याचा हिशोब कोकणातल्या पावसाला लागू होत नाही. पडवीतले टॉवेल चार दिवस वाळत नाहीत तिथे पिनेभोवतीचा गॉझ कसा कोरडा राहणार? म्हणून आम्ही वार पाहिला नाही. गॉझ ओला लागला की बदलायचा, मग ते दिवसातून दोनदा का होईना. आंघोळीला हातावर पिशवी, बाहेर आल्याबरोबर ती काढायची, कारण आत घाम साचतो. गॉझ पाकिटातलाच, धुतलेलं जुनं लुगडं कितीही मऊ असो.

दवाखान्यात की घरी? पहिलं ड्रेसिंग दवाखान्यातच करा आणि तिथे नीट बघून घ्या. पुढे दर वेळी एस.टी.ने भिजत तालुक्याला जाण्यापेक्षा घरचं बरं. मात्र तपासणीची तारीख चुकवू नका. पीन सैल झालीय का ते आपल्याला कळत नाही.

पाणचट, पिवळसर थेंब पहिले काही दिवस येतो. तो घट्ट झाला, वास आला, लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप भरला, तर भर पावसातही त्याच दिवशी निघा. आईच्या तिसऱ्या पिनेला असं झालं होतं. आठवडाभर गोळ्या घेतल्या आणि निवळलं. तोवर बोटं हलवायला हवीत म्हणून ती ओटीवर बसून कुळीथ निवडत होती.