धडधडीवर रोजची गोळी की एकदाचं अ‍ॅब्लेशन?

एसव्हीटीचं, म्हणजे हृदयातल्या विजेच्या वाटेतल्या दोषामुळे ठोके अचानक फार वेगाने पडण्याचं, निदान झालेल्या मैत्रिणीचा प्रश्न: वर्षानुवर्षं गोळी घेऊ, की अ‍ॅब्लेशन करून मोकळी होऊ? बसल्या जागी तिचे ठोके मिनिटाला १८० वर जातात.

गोळी म्हणजे बहुधा बीटा-ब्लॉकर, ठोके मंदावणारं औषध. सुरू करणं सोपं, बदलणंही. पण झटके कमी होतात, मूळ दोष तसाच राहतो. थकवा येतो, हातपाय गार पडतात. दमेकऱ्यांना अनेकदा चालत नाही. आणि मनानेच अचानक बंद करायची नाही, ठोके उसळतात.

अ‍ॅब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक, लवचिक नळी) हृदयापर्यंत नेऊन विजेची आडवाट जाळतात किंवा गोठवतात. नेहमीच्या एसव्हीटीत यश ९० टक्क्यांच्या वर. खर्च एकदम अंगावर येतो, विश्रांती मात्र थोड्याच दिवसांची. मोठी भीती म्हणजे एव्ही नोडला (हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे वीज पोहोचवणाऱ्या जागेला) इजा होऊन पेसमेकर लागणं. असं क्वचितच होतं, तरी आधी विचारून घ्यावं.

वर्षातून एक-दोनदाच धडधड, तीही श्वास रोखून कुंथल्यावर थांबत असेल, तर कदाचित दोन्ही नकोत. झटके वारंवार येत असतील किंवा गोळी सोसत नसेल, तर अ‍ॅब्लेशन. प्रोसिजरचीच धास्ती असेल तर गोळी. छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर मात्र थेट इमर्जन्सी.