डीआर-झेड ४०० एसएम : नऊ महिने, साडेचार हजार मैल आणि एक दुखरं बूड

सुझुकीची ही सुपरमोटो जातीची बाइक घेतली त्याच आठवड्यात आमच्या पार्किंगमध्ये एका नागपूरच्या मित्राने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, "काय बे, ही मातीतली गाडी आहे ना, मग हिला स्पोर्ट्स बाइकची चाकं कोणी लावली?" खरं सांगायचं तर सुपरमोटोची याहून सोपी ओळख मला आजवर कुणी करून दिली नाहीये. मातीतली गाडी, म्हणजे उंच सस्पेन्शन, रुंद हँडल, अरुंद अंग, एकच सिलिंडर, आणि खाली १७ इंची चाकं नि रस्त्याचे चिकट टायर. बास. सुझुकीने हे काम कंपनीतच केलं आणि नंबर प्लेट, आरसे, इंडिकेटर लावून २००५ पासून अमेरिकेत विकलं, मधली वीस वर्षं जवळपास काहीच न बदलता.

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो, मूळचा साताऱ्याचा. माझी गाडी २०१७ ची, सेकंडहँड, नऊ हजार मैल झालेली. याआधी माझ्याकडे एक सहाशे सीसीची स्पोर्ट्स बाइक होती, ती विकून ही घेतली म्हटल्यावर ऑफिसातल्या लोकांना वाटलं याचं काहीतरी आर्थिक बिनसलंय. चार सिलिंडर सोडून एक, शंभरच्या वर हॉर्सपॉवर सोडून चाळीसच्या आसपास. पण त्या गाडीचा पहिला गिअर संपेपर्यंत साठ मैल म्हणजे जवळपास शंभर किलोमीटरचा वेग व्हायचा, आणि इथल्या डोंगरातल्या रस्त्यांवर लिमिट असते पस्तीस-चाळीस मैलांची. म्हणजे ती गाडी कधी जागीच व्हायची नाही, ती जागी होईपर्यंत मी गुन्हेगार झालेलो असायचो. कॅलिफोर्नियात शंभर मैलांच्या वर सापडलात तर दंड भरून सुटका नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. दोन वर्षं मी नुसताच घाबरत घाबरत चालवली ती.

डीआर-झेड दुसऱ्या गिअरमध्ये तीस मैलांवरच म्हणते की चला आता. वळणाच्या आधी जरा उशिरा ब्रेक दाबला की पुढचा फोर्क असा खाली बसतो, मागचं हलकं होतं, हँडल इतकं रुंद की नुसतं एका हाताने ढकललं तरी गाडी झपकन आडवी, आणि तुम्ही मात्र सरळ बसलेले. हे पहिल्यांदा फार विचित्र वाटतं कारण स्पोर्ट्स बाइकवर आपण आत लटकतो आणि गाडी त्यातल्या त्यात उभी ठेवतो, इथे बरोबर उलटं, गाडी आपल्या खाली आडवी करायची, बाहेरच्या फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, वजन टाकायचं, बाहेरचा कोपर वर, आणि टाकीच्या जवळ सरकून बसायचं. पाय काढायचा तो गुडघा टेकवायला नाही, सरळ पुढे चाकाच्या दिशेने, मातीतल्या रेसमध्ये काढतात तसा. रस्त्यावर पाय काढायची खरं तर गरज नसते, आम्ही सगळे उगाच स्टाइल मारतो.

हा प्रकार सुरू कसा झाला तेही मजेशीर आहे. १९७९ मध्ये इथेच, कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला, एबीसी टीव्हीने एक शर्यत भरवली, सुपरबायकर्स नावाची. मोटोक्रॉसवाले (मातीत उड्या मारणारे), डर्ट ट्रॅकवाले (मातीच्या गोल ट्रॅकवर पळवणारे) आणि डांबरावरचे रोड रेसिंगवाले एकाच ट्रॅकवर सोडायचे, थोडं डांबर, थोडी माती, आणि बघायचं की सगळ्यात हुशार कोण. पहिल्या वर्षी जिंकला केंट हॉवर्टन, म्हणजे मोटोक्रॉसवाला. पुढे अमेरिकेत ते ऐंशीच्या दशकातच थांबलं, पण फ्रेंचांनी उचललं, युरोपभर पसरलं, २००२ पासून त्याची जागतिक स्पर्धाही झाली. आपल्याकडच्या कुस्तीत माती आणि मॅट दोन्हीवर खेळणारा पैलवान असतो ना, तशी ही गाडी.

आता रस्त्यांबद्दल, कारण माझा सगळा पैसा तिथेच वसूल झालाय.

सॅन होजेच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टन आहे, ४,२०० फूट, वर लिक वेधशाळा. वेधशाळा १८८८ ची, पण रस्ता १८७६ मध्येच बांधला, आणि घोडागाड्यांनी सामान वर न्यायचं म्हणून चढ इतका हळू ठेवला की रस्त्याने डोंगराला वेढ्यावर वेढे घेतलेत, वळणं मोजायला गेलात तर वेड लागेल. कारवाल्यांना इथे गरगरतं. आणि माझी गाडी या रस्त्यावर दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत राहते, तिसऱ्याच्या वर जायची वेळच क्वचित येते, आणि मी हेल्मेटच्या आत एकटाच येड्यासारखा हसत असतो. घोड्यांचे उपकार.

पण खरी मजा आली ती ट्यूनिटास क्रीक रोडला. स्कायलाइन या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यावरून समुद्राकडे उतरणारा अरुंद रस्ता, रेडवूडच्या झाडीतून, कायम ओला, वर पानांचा कचरा, मध्येच डांबर उखडलेलं. स्पोर्ट्स बाइकवर मी तिथे एकदाच गेलो होतो आणि मनगटं सुजवून परत आलो. या गाडीला पुढे-मागे दहा इंचांच्या वर सस्पेन्शन ट्रॅव्हल आहे, खड्डा आला तरी वळणातली रेघ सुटत नाही, गाडी तो गिळून टाकते. मला सारखा यवतेश्वरचा घाट आठवत होता. कासला जाताना बाबांच्या आरएक्स १०० वर टाकीवर बसून मी तो घाट चढलोय, आणि ती गाडी पण अशीच, शंभरेक किलोची, हातात खेळणारी, हळू असून फास्ट वाटणारी. माणूस आयुष्यभर पहिली गाडीच शोधत असतो की काय कोण जाणे, असो.

शहरात तर ही गाडी म्हणजे चीटिंग आहे. सीटची उंची ८९० मिलिमीटर, त्यामुळे समोरच्या चार गाड्यांच्या छतावरून पुढचं दिसतं. कॅलिफोर्नियात दोन लेनच्या मधून बाइक काढणं कायदेशीर आहे, २०१६ चा कायदा, जानेवारी २०१७ पासून लागू, देशात हे करणारं पहिलं राज्य. पुण्यातल्या माणसाला यात कौतुक काय ते कळणार नाही, पण हायवे १०१ वर संध्याकाळी साडेपाचला उभे असाल तर कळेल. फक्त हँडल इतकं रुंद आहे की मोठ्या एसयूव्हीच्या आरशाच्या बरोब्बर उंचीला येतं, दोनदा हात जोडून सॉरी म्हणालोय.

आता रडगाणं, थोडं नाही बरंच आहे.

उंची. मी पाच फूट सहा इंच. सुरुवातीला दोन्ही पायांचे चवडे टेकवायचा अट्टहास केला आणि तिसऱ्याच दिवशी एका स्टॉप साइनला रस्त्याचा उतार बघितला नाही, पाय टेकवायला गेलो तर खाली जमीनच नाही, आणि मी गाडीसकट हळूहळू, अगदी शांतपणे, झाड पडावं तसा आडवा झालो. मागच्या गाडीतली बाई उतरून धावत आली, तोवर मी उठून गाडी उभी पण केली होती, १४६ किलो आहे म्हणून जमलं. तेव्हापासून बूड एका बाजूला सरकवायचं आणि एकच पाय पूर्ण टेकवायचा हे शिकलो. गाडी खाली बसवायला लोअरिंग लिंक नावाचा पार्ट लावतात लोक, मी नाही लावली, उंची कमी करून मग ही गाडी घ्यायची कशाला?

सीट. सीट म्हणावं का त्याला हा प्रश्न आहे. मातीत कुणी बसून गाडी चालवत नाही, उभं राहून चालवतात, त्यामुळे या जातीच्या गाड्यांना पाट दिलेला असतो, तो पण लग्नातला नाही, स्वयंपाकघरातला. चाळीस मिनिटांनी बूड बोलायला लागतं, तासाभराने ते बधिर होतं आणि मग बरं वाटतं. बायको एकदाच मागे बसली, वीस मिनिटं, घरी येऊन म्हणाली, "छान आहे, तुझी तूच चालव." मागे फूटपेग आहेत, कागदोपत्री दोघांची गाडी आहे, प्रत्यक्षात एकट्याची.

हायवे. पाचच गिअर. ६५ मैलांना ठीक, ७५ ला हँडल आणि पेग असे झणझणतात की उतरल्यावर चहाचा कप धरताना हात थरथरतात. वारा सगळा छातीवर. सॅन मॅटेओच्या पुलावर आडवा वारा असला की उंच आणि हलकी गाडी पतंगासारखी करते, एकदा अख्खा पूल मी दात आवळून पार केला. त्यात मी हौसेने पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, पंधरा दातांचा काढून चौदाचा लावला, वळणातून निघताना गाडी मस्त उसळते, पण हायवेवर आणखी ओरडायला लागली. दोन महिन्यांनी परत पंधराचा लावला.

पेट्रोल. टाकी दहाएक लिटरची, काटा नाही, आरपीएमचा मीटर पण नाही. ट्रिप मीटर शून्य करायचा आणि लक्षात ठेवायचं. मला लिटरला वीस-एकवीस किलोमीटर मिळतात, साधारण ९५ मैलांना रिझर्व्हला येते. हॅमिल्टनच्या मागच्या बाजूने उतरून माइन्स रोडने लिव्हरमोरला जायचं तर मध्ये पंप नाही, आणि मी शहाणा अर्ध्या टाकीवर निघालो होतो. ओसाड डोंगर, गाई, फोनला रेंज नाही, गाडीने दोन आचके दिले, हात खाली नेऊन कॉक रिझर्व्हला फिरवला आणि च्यायला, एका सेकंदात मी पुन्हा कॉलेजात. तीस वर्षांखालच्या पोरांना हे सुख माहीतच नाही. लिव्हरमोरला पोचलो तेव्हा टाकीत काय उरलं होतं ते मी बघितलं नाही.

मेंटेनन्स घरीच करतो, कार्ब्युरेटरची गाडी, पार्ट सगळीकडे मिळतात, टायर साधे १२०/७० आणि १४०/७० सतरा इंची, त्यामुळे चॉइस भरपूर. एक मात्र लक्षात ठेवा, हिचं ऑइल इंजिनाबरोबर फ्रेमच्या नळीतही असतं, काढताना दोन ठिकाणहून काढावं लागतं. मी पहिल्यांदा खालूनच काढलं, वरून मोजून पूर्ण भरलं, जास्तीचं सगळं एअरबॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्यात. रविवारची अख्खी दुपार चिंध्यांनी पुसत होतो. आणि डिसेंबरात पाच आठवडे साताऱ्याला गेलो, येऊन बघतो तर गाडी सुरू होईना, इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते पडून पडून पायलट जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र, बुजला होता. चूक माझी, कार्ब रिकामा करून जायला हवं होतं. आता दोन आठवड्यांच्या वर कुठे जायचं असेल तर करतो.

चोरीचं पण सांगून ठेवतो. दोन माणसं ही गाडी उचलून पिकअपमध्ये टाकू शकतात. डिस्क लॉक पुरत नाही, जाड साखळीने खांबाला बांधा.

बरेच जण विचारतात की मातीतली स्वस्तातली ४५० सीसीची रेसची गाडी घेऊन चाकं बदलली तर? इतर राज्यांचं वेगळं असेल, पण कॅलिफोर्नियात ऑफ-रोड म्हणून नोंदलेली गाडी नंतर रस्त्यावर आणणं जवळजवळ अशक्य. शिवाय रेसच्या इंजिनाचं ऑइल तासांच्या हिशोबाने बदलायचं आणि पिस्टनवर कायम नजर. माझ्यासारख्या सोमवार ते शुक्रवार मीटिंगा करणाऱ्याने या फंदात पडू नये.

भारतातल्या मित्रांचा प्रश्न ठरलेला, हिरोच्या एक्सपल्सला सतरा इंची चाकं टाकली तर होईल का? होते, पोरं करतात, दिसते पण भारी. पण गाडीत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने जे दिलंय ते बदलताना इन्शुरन्सवाला नंतर कुठे बोट ठेवेल याचा विचार करून काय ते करा. कंपनीतून आलेली, पैशाने परवडणारी सुपरमोटो हवी आणि ती सरळ आरटीओत नोंदता यावी, एवढीच तर अपेक्षा असते आपली.

नवीन डीआर-झेड ४एसएम आली २०२५ ला, फ्युएल इंजेक्शन, एबीएस, मोड वगैरे सगळं, तेव्हा किंमत होती ८,९९९ डॉलर. शोरूममध्ये बसून आलो. सीसी तोच, ३९८, गिअर अजून पाचच, उंची तीच ८९०, आणि टाकी उलट छोटी केलीये, ८.७ लिटर! नवीन शिकणाऱ्याने एबीएससाठी ती घ्यावी, पैसे असतील तर. माझा मात्र रिझर्व्हचा कॉक जाईल म्हणून माझं मन होईना.

मागच्या महिन्यात स्टॉकटनच्या कार्ट ट्रॅकवर प्रॅक्टिस डेला गेलो होतो. तिथे एक बारा-तेरा वर्षांची मुलगी छोट्या गाडीवर मागचं चाक घसरवत वळणात शिरत होती आणि प्रत्येक लॅपला मला आतून ओव्हरटेक करत होती, मी मोजायचं सोडून दिलं. मला तसं घसरवायला अजून जमत नाही, मागचं चाक जरा हललं की माझा अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात आपोआप सैल पडतो. त्या दिवसाने मागचा टायर मात्र संपला, आत्ता गाडी स्टँडवर आहे, चाक निघालंय, नवीन टायर गुरुवारी येतोय आणि शनिवारी परत स्टॉकटन. बायकोला अजून सांगायचंय.