जिप्सी किंग (१९९८): हँडल थरथरतं म्हणून गाडी विकू नका

परवा ओळखीतल्या एकानं स्वतःची मारुतीची ठणठणीत वाइड-ट्रॅक (चाकांमधलं अंतर जास्त असलेली) जिप्सी जवळपास भंगाराच्या भावात देऊन टाकली. कारण काय, तर साठच्या पुढं हँडल (म्हणजे स्टिअरिंग) थरथरतं, तीन गॅरेजं झाली तरी फरक नाही, घरचे बसायला तयार नाहीत. ऐकून फार वाईट वाटलं. माझ्या गाडीला नेमकं हेच दुखणं होतं आणि ते पूर्ण गेलं, तेही फार पैसे न घालता. म्हणून हे लिहिणं मुख्यतः त्या एका दुखण्याबद्दल आहे. बाकीचं ओघात येईल तेवढं.

माझी गाडी १९९८ ची जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप. १९९६ ला आलेलं तेराशेचं इंजिन आणि पाच गिअर. २००० मध्ये आलेलं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं) इंजिन हिच्यात नाही, आणि मला ते नकोच होतं. आमची शेती गगनबावड्याच्या अंगाला. तिकडं गाडी बंद पडली तर जवळचा मिस्त्री कार्ब्युरेटर खोलून, फुंकून, परत बसवून देतो. मारुतीची नवी जिम्नी चालवून पाहिली होती. गाडी उत्तम आहे, पण बारा-तेरा लाखांच्या गाडीत शेणखताची पोती टाकून ती जांभ्या दगडावरून न्यायची माझी तयारी नाही.

लिलावातल्या लष्करी जिप्सीही पाहिल्या. भाव कमी, दिसायला रांगड्या. पण दोन गाड्यांचा चॅसिस नंबर आणि आरसी यांचा मेळ बसेना, तेव्हा तिथूनच परत फिरलो. शेवटी सावंतवाडीच्या एका निवृत्त कंत्राटदाराकडून २ लाख ४० हजारांना ही मिळाली. २०२३ ला पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) झालेलं, म्हणजे २०२८ पर्यंत निवांत. हा मुद्दा लोक हलक्यात घेतात. पंधरा वर्षांवरच्या खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालं, आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,००० आहे. पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी बघताना टायर बघण्याआधी पासिंगची तारीख बघा.

पत्र्याचं काम सगळ्यात खर्चाचं निघालं. वरून रंग चकचकीत होता, पण ड्रायव्हरच्या पायाखालचा रबरी मॅट उचलला आणि पेचकस टेकवला तर तो सरळ खाली गेला. कोकणातल्या गाडीत हे धरूनच चालायचं. मागच्या चाकांच्या कमानी आणि पुढच्या काचेच्या फ्रेमचा तळ, दोन्हीकडं लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला. बॉडी चेन ब्लॉकनं चॅसिसवरून उचलली, गंजलेला भाग कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं जोडला आणि रेड ऑक्साइडवर न भागवता इपॉक्सी प्रायमर मारून घेतला. चॅसिस मात्र खणखणीत होती, आणि या गाडीत तेच महत्त्वाचं. पत्रा कुठंही मिळतो.

आता हँडलचं.

ज्यांनी अनुभवलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूरहून गगनबावड्याला जाताना कळे गाव सोडलं की रस्ता मोकळा मिळतो. गाडी साठ-पासष्टवर असते. एखादा लहानसा खड्डा किंवा डांबराचा जोड येतो आणि पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडं झटके द्यायला लागतात. हँडल हातात राहत नाही, डॅशबोर्ड खडखडतो, आणि वेग तिसाच्या आसपास उतरेपर्यंत ते थांबत नाही. मागं उसाची ट्रॉली असेल तर जीव मुठीत येतो. माझ्या बायकोनं एकदा अनुभवलं आणि त्यानंतर ती या गाडीत बसलीच नाही.

शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात नेली. त्यांनी बॅलन्सिंग, अलाइनमेंट केलं आणि स्टिअरिंगला नवा डॅम्पर (झटके शोषणारा दांडा) बसवला. बिल साडेसात हजार. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. परत नेली तर टायरॉड एंड (दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याची टोकं) बदलले, पुन्हा बिल. तिसऱ्या वेळी मी ठामपणे सांगितलं की दुखणं गेलं नाही तर पैसे कशाचे, तेव्हा काउंटरवरच्या माणसाचं उत्तर होतं, "जिप्सीचं असंच असतं, सर." या वाक्याचा मला अजून राग आहे. १९८५ पासून २०१९ पर्यंत ही गाडी बनत होती, लष्करानं आणि पोलिसांनी ती वर्षानुवर्षं पळवली, ताडोबात पर्यटक घेऊन फिरते. सगळ्यांची हँडलं थरथरत असती तर हे चाललं असतं का?

मग कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री मिळाले, त्यांना सगळे मामा म्हणतात. त्यांनी गाडी चालवूनही बघितली नाही. पुढचं चाक जॅकवर उचललं, मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि चाक वर-खाली धरून हलवलं. ब्रेक दाबलेला असतानाही चाक हलत होतं. म्हणजे व्हील बेअरिंगचा प्रश्न नाही, खेळ किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यात आहे. म्हणाले, "ह्यो डॅम्पर आधी काढून ठेवा. दुखणं झाकतंय त्ये, बरं करत न्हाई."

जिप्सीचा पुढचा ॲक्सल सलग आहे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना गोल बॉल असतात. चाक वळवणारी नकल त्या बॉलवर वरच्या आणि खालच्या किंगपिनवर फिरते, आणि प्रत्येक किंगपिनला एक टेपर रोलर बेअरिंग असतं. ही बेअरिंगं सैल असून चालत नाहीत, त्यांच्यावर ठरावीक दाब लागतो. तो दाब किंगपिनखालच्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून ठरवतात. शिम काढली की किंगपिन आत जातो आणि दाब वाढतो. माझ्या गाडीत कधीतरी कुणीतरी बेअरिंग न बदलता एका बाजूला जास्तीच्या शिम कोंबल्या होत्या. शिवाय ॲक्सलच्या आतलं सील गेल्यामुळं डिफरन्शियलचं ऑइल बॉलमध्ये उतरलं होतं, ग्रीस पातळ होऊन चाकावरून गळत होतं, आणि बेअरिंगच्या रेसमध्ये (रोलर फिरतात त्या कड्यात) रोलरचे खड्डे पडले होते. बोटाचं नख फिरवलं तर प्रत्येक खड्डा लागत होता. मोठ्या गॅरेजात पैसे घेणाऱ्यांपैकी कुणी हे उघडूनही पाहिलं नव्हतं.

मामांनी चारही बेअरिंगं, आतली सीलं आणि बॉलचे सील-नमदे बदलले. मग बॉलचं सील न लावता नुसती नकल बसवली, टायरॉड सुटा ठेवला आणि नकलच्या आर्मच्या टोकाला, जिथं टायरॉड बसतो त्या भोकात, भंगारवाल्याकडं असतो तसला आकड्याचा काटा अडकवला. हळूहळू ओढायचं, आणि नकल फिरायला लागते त्या क्षणी काट्यावर आकडा बघायचा. तो एक किलो ते एक किलो आठशेच्या मध्ये यायला हवा. डावीकडं सहाशे ग्रॅमवरच नकल फिरली. एक शिम काढली, बोल्ट आवळले, पुन्हा ओढलं, सव्वा किलो. उजवीकडं पहिल्या दमात दोनच्या वर गेलं, तिथं एक बारीक शिम वाढवली. घाई नाही, अंदाज नाही. जुने किंगपिन चांगले होते, ते ज्या बाजूचे, वरचे-खालचे, तिथंच परत गेले. त्यासाठी खोलतानाच त्यांनी खडूनं खुणा केल्या होत्या.

सगळ्या कामाला सामानासकट नऊ हजारांच्या आत लागले. डॅम्पर काढलेलाच होता. परत येताना त्याच कळ्याच्या रस्त्यावर सत्तरनं तोच डांबराचा जोड ओलांडला आणि हँडल जागचं हललं नाही. त्यानंतर पूर्ण पावसाळा झाला, एकदाही थरथर नाही. जुना डॅम्पर चाचणी म्हणून मुद्दाम काढून ठेवला होता, दिवाळीनंतर तो परत लावला, कारण खडकाळ रस्त्यावर हाताला बसणारे झटके त्यानं थोडे कमी होतात. त्याचं खरं काम तेवढंच.

पाट्यांबद्दल (लीफ स्प्रिंग) माझं मत मात्र या काळात बदललं. सुरुवातीला रिकाम्या गाडीत मागं बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून मऊ पाटे घालायचं ठरवून भावही काढला होता. मग भाताची पोती भरून उतारानं गाडी आणायला लागलो आणि लक्षात आलं की हे पाटे भार असताना किती व्यवस्थित चालतात. आता फक्त पाटे खोलून, घासून, मध्ये ग्रीस लावून, शॅकलचे बुश बदलले. टायरमधली हवा दोन-तीन पौंडांनी उतरवली. तेवढ्यानं पुरेसा फरक पडला आणि पंचवीस हजार वाचले.

पॉवर स्टिअरिंगचा विचारही सोडला. किंगपिन नीट झाल्यावर चालत्या गाडीत हँडल हलकंच आहे.

चिखलात ही गाडी काय करते हे मी वेगळं सांगायला नको. वजन टनाच्या आसपास, त्यामुळं जड गाड्या जिथं रुतून बसतात तिथून ही वरच्यावर निघते. लो रेंजला टाकून दुसऱ्या गिअरमध्ये सोडली की ॲक्सिलरेटर न देता ओढ्यातून वर येते. एक गोष्ट नवीन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. हिला सेंटर डिफरन्शियल (पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नाही, त्यामुळं कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून वळणं घेऊ नका, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीवर येतो. आणि ती केस गिअरबॉक्सपासून सुटी, रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. गाडी पिकअप घेताना बुडाखालून घरघर आली तर आधी ती रबरं बघा, स्वस्तात काम होतं.

इंजिनची काळजी नाही. तेराशेचं हे कुटुंब एस्टीममध्येही होतं, सामान मिळतं. पण पेट्रोलच्या नळ्या बदलाच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि १९९८ ची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. माझ्या पंपाजवळची नळी चिकट होऊन फुगली होती, वास आला म्हणून कळलं. आम्ही ऊसवाले, इथेनॉलनं कारखान्याला आणि पर्यायानं आम्हाला चार पैसे मिळतात, त्यामुळं त्याबद्दल माझी तक्रार नाही. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचं नवं किट, एवढं करून टाका. ॲव्हरेज रस्त्यावर दहा-अकरा, शेतात सातच्या आसपास. रोज नोकरीला जायला ही गाडी परवडत नाही, हे स्पष्ट सांगतो.

काचेच्या फ्रेमखालून अजून थोडं पाणी येतं, ते उन्हाळ्यात करणार आहे.

ज्यांच्या हँडलला थरथर आहे त्यांनी डॅम्पर घेण्याआधी जॅक लावून, कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून चाक हलवून बघावं. हलत असेल तर मिस्त्रीला थेट विचारा की शिम काट्यानं मोजून लावता का. "हातानं समजतं" असं म्हणाला तर दुसरा शोधा. बेअरिंगचा नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो, तो घासून जायच्या आत फोटो काढून ठेवा. कोल्हापूरच्या आसपास कुणी असेल तर मामांकडं मी स्वतः घेऊन जाईन. फक्त सोमवारी नको, त्या दिवशी उद्यमनगर बंद असतं.