जुना डिस्ट्रिब्यूटर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

जोरकस इंजिनाच्या जुन्या गाडीसाठी पुण्याच्या नाना पेठेत नवाकोरा डिस्ट्रिब्यूटर (प्रत्येक स्पार्क प्लगला ठरल्या वेळी वीज पोचवणारा भाग) मिळाला, तरी लगेच पैसे देऊ नका. इलेक्ट्रॉनिक असेल तर पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, घासायची कटकट संपते, हे खरं. पण वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी आतली वजनं आणि स्प्रिंग तुमच्या इंजिनाला जुळणारी नसतील, तर ठिणगी नको तितकी लवकर पडते आणि कात्रजचा घाट चढताना इंजिन खडखडतं. पिस्टनची वाट लागते ती अशीच.

जुन्याचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. हलला तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) गेलाय, पॉइंटचा गॅप टिकणार नाही. नवा बुश नीट बसवणारा लेथवाला असेल तर मी जुनाच ठेवेन, कारण ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती आधी पडते ते, मूळचा राहतो. बॉडीलाच तडा असेल तर मात्र नवा घ्या, आणि टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासायचा दिवा) लावून बघितल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.