मिश्र रबर बेल्टचं पाकीट: गाडीतला अडकलेला टेप यानं सुरू होतो का?

ऑनलाइन 'कॅसेट प्लेअर बेल्ट' असं शोधलं की पारदर्शक पिशवीत भरलेली लहानमोठी काळी वर्तुळं समोर येतात. कंपनीचं नाव नाही, मापं मिसळलेली, आणि वर्णनात घरच्या डेकपासून गाडीतल्या टेपपर्यंत सगळ्याला चालेल असा दावा. घरच्या डेकपुरता तो बऱ्यापैकी खरा आहे. गाडीसाठी मात्र आधी टेपचं झाकण उघडा, मग ऑर्डर द्या.

कारण 'अडकलाय' या एका शब्दाखाली चार वेगवेगळे आजार येतात आणि बेल्ट त्यातल्या दीडावरच लागू पडतो.

कॅसेट अर्धी आत जाऊन थांबत असेल तर दोष सरकपट्टीवर सुकून मेणासारख्या झालेल्या ग्रीसचा, तडकलेल्या पांढऱ्या नायलॉन गिअरचा, किंवा फटीतून आत गेलेल्या नाण्याचा. (टोलची पावती निघाली तरी आश्चर्य नको.) इथे बेल्टचा संबंध नाही. कॅसेट नीट बसते, मोटरचा घूं आवाज येतो, पण रीळ हलत नाही आणि काही सेकंदांत बाजू बदलते किंवा कॅसेट बाहेर फेकली जाते, हा आजार बेल्टचाच. रीळ फिरत नाही असं दिसलं की यंत्रणा फीत संपली असं समजते. तिसऱ्या प्रकारात दोन-तीन गाणी वाजतात आणि मग टेप कॅसेट खातो. कॅप्स्टन (फीत ओढणारा बारीक फिरता दांडा) सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर फीत पुढे ढकलत असतो. ती गोळा करणारं रीळ मागे पडलं की फीत पिंच रोलरला (तिला कॅप्स्टनवर दाबून धरणाऱ्या रबरी चाकाला) गुंडाळली जाते. बहुतेकदा रिळाखालचा फेल्टचा क्लच झिजलेला असतो किंवा रोलर फितीवरून सुटलेल्या तपकिरी ऑक्साइडनं चिकट झालेला असतो. बेल्ट सैल निघतो तो कधीकधी. चौथा आजार गंमतीचा: फक्त मोबाइल जोडायचा वायरवाला अडॅप्टरच बाहेर फेकला जातो आणि साधी कॅसेट छान वाजते. तिथे अडॅप्टरच्या पोटातले गिअर अडकलेले असतात, टेप निर्दोष आहे.

आता पाकिटाबद्दल. यातले बहुतेक बेल्ट चौकोनी छेदाचे, साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचे असतात. गाडीच्या टेपमध्ये फ्लायव्हील (कॅप्स्टनला जोडलेलं जड चाक) फिरवायला मात्र बऱ्याचदा चपटा बेल्ट असतो. ओळखायची खूण मोटरच्या पुलीवर मिळते. पुलीला खाच असेल तर चौकोनी बेल्ट चालेल. पुली मधे किंचित फुगीर असेल तर चपटाच हवा, चौकोनी बेल्ट तिच्यावरून घसरून पडतो. पाकिटात चपटे बेल्ट असलेच तर एखाद-दुसरे, त्यामुळे फुगीर पुलीवाल्यांनी पैसे वाचवावेत.

दुसरी तक्रार फिनिशची. साच्याच्या सांध्याची रेघ काही बेल्टवर बोटाला जाणवते. तो उंचवटा पुलीवरून जाताना दर फेरीला वेग हलतो आणि लांबवलेला सूर थरथरतो. बेल्ट उजेडासमोर धरून फिरवा आणि रेघ दिसणारे बाजूला ठेवा. रबराची लवचीकता मात्र वाईट नाही.

माप असं काढा. जुना बेल्ट शाबूत असेल तर चपटा दुमडून लांबी मोजा आणि दुप्पट करा. तो ताणलेला असतो, म्हणून नवा सुमारे ५ टक्के लहान घ्या. बेल्ट वितळून डांबर झाला असेल तर पुल्यांभोवती बेल्टच्याच वाटेनं दोरा फिरवून मोजा आणि तेवढेच टक्के वजा करा. आणखी घट्ट बसवायचा मोह नको. मोटरच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यावर) ताण येतो, वेग पडतो. सैल राहिला तर सकाळी वाजतो आणि दुपारी तापलेल्या डॅशबोर्डमध्ये घसरतो.

ऑटो-रिव्हर्स (कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणाऱ्या) टेपमध्ये दोन कॅप्स्टन, दोन फ्लायव्हील, आणि ती उलट दिशांना फिरतात. बेल्ट एकाला पोटानं आणि दुसऱ्याला पाठीनं घासत जातो. जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवा, नंतर ती वाट आठवत नाही. चौकोनी बेल्टला पीळ पडला तरी आवाज हलतो.

कॅसेट आतच अडकली असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून ओढू नका. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) पुढे आलेलं असतं, रोलर दाबून बसलेला असतो. हिसका दिला की हेडचा कोन बिघडतो आणि आवाज कायमचा बसका होतो. बॅटरीचं ऋण टोक सोडा, पण त्याआधी टेपला कोड लागतो का ते पाहा. युरोपीय गाड्यांमधले बरेच टेप वीज गेल्यावर कोड मागतात. १८० बाय ५० मिलिमीटरचा डिन साच्याचा (गाडीच्या टेपच्या प्रमाण मापाचा) टेप यू आकाराच्या पट्ट्या घालून बाहेर येतो. वरचं झाकण काढा, बोटानं फ्लायव्हील उलटं फिरवून गुंडाळलेली फीत सोडवा, मग इजेक्टची दांडी हातानं दाबा. फीत सुटतच नसेल तर कापा. ५ सेंटिमीटर गेली तर गाण्यातला जेमतेम एक सेकंद जातो. जोडायला स्प्लायसिंग टेपच (फितीसाठीची खास चिकटपट्टी) वापरा, सेलोटेपचा गोंद उन्हात पाझरून हेडवर बसतो.

वितळलेल्या बेल्टचं डांबर पाकिटवाले सांगत नाहीत, पण निम्मा वेळ तेच खातं. हातमोजे, आगकाडी, कापसाच्या काड्या आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. थिनर किंवा पेट्रोल नको, प्लॅस्टिक खराब होतं. मोटरच्या पुलीवर थोडं जरी राहिलं तरी नवा बेल्ट चिकटतो. कॅप्स्टनच्या बुशला सुईच्या टोकावरून हलकं मशीन ऑइल, एकच थेंब, आणि बाहेर आलेलं लगेच पुसा. बेल्टला किंवा रोलरला तेल लागलं तर सगळं पुन्हा करावं लागतं. सरकपट्टीवर जुनं ग्रीस पूर्ण काढून मगच पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात द्या.

शेवटी वेग. बरोबर ४ मिनिटांचं गाणं घड्याळ लावून मोजा. ५ सेकंदांचा फरक म्हणजे सुमारे २ टक्के. तो दुरुस्त करायचा स्क्रू पुष्कळदा मोटरच्या मागच्या छिद्रात असतो; केसभर फिरवला तरी पुरतो.

पाच पैकी अडीच तारे, तेही खाचेच्या पुलीवाल्यांसाठी. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार जवळ असेल तर जुना बेल्ट खिशात घालून तिथे आधी विचारा. एकच बेल्ट हवा असताना अख्खं पाकीट कशाला? आणि बेल्ट बदलल्यावर चाचणीला सी-१२० (१२० मिनिटांची) कॅसेट लावू नका. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉनची असते, सी-६० च्या साधारण निम्मी, आणि गुंतायला तीच पहिली. जुनी, नकोशी सी-६० लावा आणि दोन्ही बाजू पूर्ण वाजू द्या.