१९६९ ची कॅमेरो झेड/२८: फॅक्टरी पार्टवाली घ्यावी की बदललेल्या पार्टवाली?

समजा अमेरिकेत दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही १९६९ च्या झेड/२८, म्हणजे शेव्हरलेच्या कॅमेरो या स्पोर्ट्स गाडीचं खास मॉडेल. एक चकाचक, नवा रंग, निम्मे पत्रे रिप्रॉडक्शनचे, म्हणजे नंतर नव्याने बनवलेले, इंजिन ३०२ (क्यूबिक इंचाचं) च पण दुसऱ्या कुठल्यातरी गाडीतलं. दुसरीचा रंग उडालाय, सीट फाटल्यात, पण विकणारा म्हणतो सगळं फॅक्टरीतलंच आहे, आणि त्याचे पैसे तो बरेच जास्त मागतोय. माझं मत आधीच सांगतो, रविवारी फिरवायला हवी असेल तर पहिली घ्या, दुसरीचे जादा पैसे फक्त लोखंडावर पुरावा दिसला तरच द्या.

पुरावा सगळ्यात जास्त इंजिनवर असतो. गाडीत बसल्यावर उजवीकडे येणाऱ्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकचा एक छोटा सपाट भाग असतो, तिथे शिक्का बघायचा. व्ही०३१२डीझेड असं काही असेल तर व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३१२ म्हणजे १२ मार्चला जोडलं आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड/२८ चं ३०२. शिवाय गाडीच्या व्हीआयएनचा (ओळख क्रमांकाचा) तुकडा, म्हणजे नॉरवुडच्या कारखान्यातल्या गाडीला १९एन आणि पुढे शेवटचे सहा आकडे, हा त्याच जागी नाहीतर ऑइल फिल्टरजवळ असतो. आता ब्लॉकच्या मागच्या बाजूची ओतकामाची तारीख बघा, बी १२ ९ म्हणजे १२ फेब्रुवारी १९६९. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली, हा क्रम उलटा आला तर विषयच संपला. क्रम बरोबर असला तरी लगेच खूश होऊ नका कारण लोक जुना शिक्का घासून नवा मारतात. फॅक्टरीच्या मशीनने त्या सपाट भागावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उठतात, घासलं की त्या जातात आणि जागा गुळगुळीत किंवा आडवीतिडवी खरवडलेली दिसते. अर्थात इंजिनचं मशीनिंग करताना प्रामाणिकपणेही त्या जाऊ शकतात, पण मग मॅचिंग नंबरचा, म्हणजे इंजिन याच गाडीचं जन्मापासूनचं असल्याचा, भाव मागायचा नाही ना!

ब्लॉकवर सीई दिसलं तर ते जीएमने (शेव्हरले ज्या कंपनीची ती) वॉरंटीत किंवा सर्व्हिसला दिलेलं बदली इंजिन. ते या गाडीचं जन्मापासूनचं नाही, पण फसवणूकही नाही, मला तर असला ब्लॉक घासून-मारलेल्या शिक्क्यापेक्षा केव्हाही चालेल.

पत्र्यांचं म्हणाल तर १९६९ च्या कॅमेरोची आख्खी नवी बॉडीसुद्धा विकत मिळते, त्यामुळे नुसत्या फिटिंगवरून काही कळत नाही. डिकीचं कार्पेट उचला, दाराच्या कडा बघा, फॅक्टरीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल खड्डे ओळखू येतात, नंतर केलेलं वेल्डिंग बहुतेक वेळा जाड आणि वेडंवाकडं असतं. लोहचुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी. डॅशवरचा व्हीआयएन बघाच, पण तोच नंबर काउलवर (पुढच्या काचेखालचा पत्रा) हीटरच्या मागेही लपवून मारलेला असतो, तो जुळतोय का ते बघा.

काउलवरच्या ट्रिम टॅगवर, म्हणजे रंग-सीटचे कोड असलेल्या छोट्या पट्टीवर, मात्र फार जीव टाकू नका, तो कोरा करकरीत नवा बनवून मिळतो. नॉरवुडच्या गाड्यांवर साधारण डिसेंबर १९६८ पासून एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर झेड/२८, पण लॉस एंजेलिसच्या कारखान्याच्या गाड्यांवर एक्स कोड नसायचाच, त्यामुळे तो नाही म्हणून गाडी खोटी ठरत नाही. व्हीआयएनवरूनही झेड/२८ कळत नाही, फक्त व्ही८ आहे एवढं कळतं. आणि झेड/२८ फॅक्टरीतून ऑटोमॅटिक किंवा एसीसोबत येत नसे, तसली कुणी ओरिजनल म्हणून दाखवली तर हसून निघा.

पाँटियाक असती तर गाडी फॅक्टरीतून काय काय घेऊन निघाली हे सांगणारा कागद कंपनीच्या जुन्या नोंदींतून मागवता आला असता, फोर्डलाही तशी सोय आहे, शेव्हरलेची तशी सोय अमेरिकेत विकलेल्या कॅमेरोला नाही. म्हणून वॉरंटीच्या पुस्तकातली ती छोटी धातूची पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, मिळाली तर सोनं, पण तिच्याही नकला निघतात.

ब्रेक लाइन, रबर, वायरिंग याबाबतीत मी सरळ नव्याच्या बाजूने, पन्नास वर्षांपूर्वीचं रबर शोकेसमध्ये शोभतं, हायवेवर नाही. एनओएस म्हणजे जीएमचाच पण कधी न बसवलेला जुना स्टॉक, तो चांगला असतो, फक्त त्याला या गाडीचा ओरिजनल म्हणून पैसे देऊ नका.

आणि दुसऱ्या गाडीचा मालक तो इंजिनचा सपाट भाग पुसून फोटो काढू देत नसेल तर पहिल्या गाडीवाल्याला फोन लावा.